भीती वाटते ती जागा आणि धोका असतो ती जागा

प्रश्न गोव्यातल्या साखळीच्या एका मुलीचा आहे. वय चोवीस, वेर्ण्याला नोकरी. उत्तरकाशीचा बेसिक कोर्स झालेला, बदामीच्या लाल कातळावर बऱ्यापैकी चढलेली. डिसेंबरात ती आणि तिचा जोडीदार सत्तरीत चोर्ला घाटाच्या अंगाला असलेल्या एका आडबाजूच्या कड्यावर गेले. दुसऱ्या पिचला (पिच म्हणजे एका दोरात चढायचा भाग) ती पुढे चढत होती आणि आडव्या चढाईच्या मध्यावर जागच्या जागी थिजली. पाय लटलटायला लागले, हात सुटेना, पुढची पायरी दिसेना. जोडीदार स्टेशनवरून (कातळाला बांधून घेऊन थांबायच्या जागेवरून) ओरडत होता, ‘घाबरू नको, काही होत नाही!’ अखेर ती कशीबशी मागे आली आणि दोघं उतरले. आता ती विचारते: दादा, ही भीती कधी जाते का? काही जणांना ती वाटतच नाही म्हणतात, ते खरं का? आणि याच मोसमात त्या कड्यावर पुन्हा जाऊ की हा नाद सोडू?

बाय, नाद सोडू नकोस. पुन्हा जा, पण तयारीने जा. ती तयारी कसली, ते शेवटी सांगतो. त्याआधी तू लिहिलेला त्या दिवसाचा वृत्तांत आपण दोघं मिळून पुन्हा वाचू, कारण त्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच देऊन ठेवलं आहेस.

तू चार परिच्छेद त्या आडव्या चढाईवर लिहिलेस. शेवटचा रनर (पडलं तर दोर अडवायला वाटेत कातळात लावलेला आधार) म्हणजे फटीत घट्ट बसवलेला चॉक, धातूची पाचर, तो तुझ्या डाव्या हाताला दोन मीटरवर. त्याआधी आणखी तीन रनर. दोर वीसेक मीटर बाहेर आलेला. पायाखाली सपाट, उभा कडा, मध्ये कुठे टप्पा (बाहेर आलेली सपाट जागा) नाही, झोका खाल्लास तर आदळायला कोपरा नाही. आणि पहिल्या पिचबद्दल एकच ओळ आहे: ‘सुरुवातीला सोपं होतं, सहा-सात मीटर रनर न लावताच गेले, खाली मोठे धोंडे होते.’ परतीबद्दलही एकच ओळ: ‘रॅपल करून (दोरावरून उतरून) मधल्या टप्प्यावर आलो, तिथून गवताळ नाळेतून (घळीतून) दोर न बांधता उतरलो, अंधार पडायला लागला होता.’

आता सांग, त्या दिवशी जिवाला खरा धोका कुठे होता? आडव्या चढाईत हात सुटला असता तर दोन-तीन मीटरचा झोका बसला असता, गुडघा खरचटला असता आणि पोटात गोळा आला असता. पहिल्या पिचच्या सहाव्या मीटरला पाय सरकला असता तर तू थेट धोंड्यांवर आली असतीस. नाळेत घसरली असतीस तर थांबवायला काहीच नव्हतं. जिथे तू थिजलीस ती त्या दिवसातली सगळ्यात सुरक्षित जागा होती, आणि जिथे धोका होता तिथे तुझ्या मनात भीतीचा मागमूस नव्हता.

मला या विषयात एकच गोष्ट सांगायची आहे, ती हीच. भीती वाटण्याची जागा आणि धोका असण्याची जागा या दोन वेगळ्या आहेत, आणि अनोळखी, दूरच्या कड्यावर त्या एकमेकींपासून फारच लांब जातात. भीती उंचीवर, मोकळ्या हवेवर आणि पायाखालच्या पोकळीवर पोसते. धोका मात्र दोर, दगड, टप्पे, वेळ आणि थकवा यांच्या हिशोबात असतो. चढाईत मुरणं म्हणजे या दोन जागा हळूहळू एकमेकींजवळ आणणं. जिथे हिशोब वाईट आहे तिथे आपोआप अंग सावध व्हावं आणि जिथे हिशोब चांगला आहे तिथे अंग सैल पडावं, इथवर पोचायला वर्षं जातात.

उंचीचा हिशोब तर अगदी उलटा आहे, तो आकड्यांत बघ. पडण्याचा दणका किती बसेल हे ठरवताना आपण पडण्याची लांबी भागिले बाहेर असलेल्या दोराची लांबी असा भाग करतो. त्याला फॉल फॅक्टर म्हणतात. स्टेशन सोडून तीन मीटर वर गेलीस, रनर एकही नाही आणि पडलीस, तर सहा मीटर पडशील आणि तो दणका झेलायला दोर फक्त तीन मीटर. फॅक्टर 2, म्हणजे नेहमीच्या चढाईतला सगळ्यात वाईट. तेच तीस मीटर दोर बाहेर आहे आणि शेवटच्या रनरच्या तीन मीटर वर असताना पडलीस, तर पडणं तेवढंच, सहा मीटर, पण झेलायला तीस मीटर ताणला जाणारा दोर. फॅक्टर 0.2. डायनॅमिक (ताणल्या जाणाऱ्या) सिंगल दोराची चाचणी 80 किलो वजन वापरून 1.77च्या आसपासच्या फॅक्टरने घेतात. पहिल्या पडण्याला दणका 12 किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो आणि दोराने असे किमान पाच दणके सोसावे लागतात. म्हणजे दोर सोसतो. प्रश्न असतो तो तुझ्या स्टेशनचा, पहिल्या रनरचा आणि खालच्या टप्प्याचा. म्हणून स्टेशन सोडल्या सोडल्या, हात ताजे असताना, जागा ‘सोपी’ वाटत असताना पहिला रनर लाव. मन म्हणेल कशाला उगाच. तिथेच लाव.

आता ‘आडबाजूचा’ हा शब्द. बदामीला घोटा मोडला तर चार मित्र उचलून रिक्षापर्यंत नेतात. सुर्ला-चोर्ल्याच्या रानात घोटा मोडला तर आधी तुला कड्यावरून खाली आणायचं, मग जंगलातून स्ट्रेचर काढायचं. तेही मोबाइलला रेंज मिळाली आणि माणसं जमली तर. 108ची गाडी रस्त्यापर्यंतच येणार. तिथून वाळपई, आणि हाड वाकडं मोडलं असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). गोव्यात अशा वेळी अग्निशमन दलाचे जवान, वनखात्याचे लोक आणि गावची पोरं येतात आणि जिवाचं रान करतात, पण उभ्या कातळावरून जखमी माणूस उतरवायची सवय असलेली माणसं आपल्याकडे मोजकीच. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनी त्यासाठी समन्वय केंद्र उभं केलं आहे, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. आपण त्यांच्यापासून दूर आहोत हे धरूनच कड्याला हात लावायचा. एरवी जी दुखापत महिनाभर प्लास्टर मागते, तीच इथे रात्रभर कड्यावर काढायला लावते. याचा परिणाम माझ्या निर्णयांवर असा होतो: बदामीला मी जिथे ‘पडलो तर पडलो’ म्हणून पुढची पकड घेतो, तिथे या कड्यांवर आधी खाली बघतो. खाली टप्पा असेल तर परत फिरतो.

थिजण्याकडे येऊ. तुझ्या शरीरात काय झालं ते नीट कळलं की त्याची लाज वाटायचं कारण उरत नाही. भीती चढली की ॲड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, श्वास छातीत अडकतो, नजर आकसते. ‘पुढची पायरी दिसेना’ असं तू लिहिलंस ते अगदी खरं आहे. पायरी तिथेच असते, नजर चेहऱ्यासमोरच्या हातभर कातळावर चिकटलेली असते. बोटं गरजेच्या दुप्पट जोराने आवळली जातात. इतकं आवळल्यावर हाताच्या पोटऱ्यांत रक्त फिरत नाही, हात भरून येतात, मग आता सुटणार ही भीती खरी व्हायला लागते. पाय लटलटतात कारण तू चवड्यावर, टाच उचलून, गुडघा वाकवून उभी होतीस आणि पोटरीचा स्नायू थकला होता.

तेव्हा खालून वर सुरुवात करायची. आधी टाच खाली सोड आणि गुडघा सरळ कर. वजन हाडांवर गेलं की थरथर बहुतेक वेळा काही सेकंदांत थांबते. मग श्वास सोड. घे म्हणत नाही, सोड म्हणतो. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो. ओठांतून फुंकर घातल्यासारखा लांब सोडायचा, तीन-चार वेळा. सोडणं घेण्यापेक्षा लांबलं की ठोके उतरायला लागतात. मग एक हात सरळ खाली सोडून बोटं उघडायची, झटकायचा, मग दुसरा. कोपर वाकवून लटकायचं नाही, हात ताठ ठेवून हाडावर लटकायचं. आणि मग मान वळवून, मुद्दाम, पायाच्या दोन्ही बाजूंना बघायचं. दर वेळी एक तरी पायरी निघतेच, गुडघ्याच्या उंचीला, हातभर उजवीकडे, नखाएवढी कड. हे सगळं वीस-तीस सेकंदांचं काम आहे.

यानंतर स्वतःला तीन प्रश्न विचार, मोठ्याने विचारलेस तरी चालेल. शेवटचा रनर कसा आहे? पडले तर कुठे जाईन? इथून मागे फिरता येतं का? उत्तरं चांगली असतील तर ती भीती तुझ्या शरीराची आहे, तिला घेऊन पुढे जा. यातलं एकही उत्तर वाईट असेल तर ती भीती खरं बोलते आहे. तेव्हा रनर सुधार, नाहीतर मागे ये. मी कड्यावर माणसांना फार कमी वेळा ‘धीर धर’ म्हणालो असेन. मी त्यांना हे तीन प्रश्न विचारतो, कारण उत्तर शोधायला लागलं की डोकं पुन्हा चालायला लागतं.

तुझ्या जोडीदारालाही दोन शब्द. ‘घाबरू नको, काही होत नाही’ हे तो प्रेमानेच म्हणाला, पण थिजलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्याला नेमकं, छोटं, करता येण्याजोगं काहीतरी हवं असतं. ‘उजवा पाय बघ, गुडघ्याखाली एक कड आहे.’ ‘दोर माझ्या हातात आहे, दीड मीटर सैल आहे, ताणू का?’ ‘रनर चांगला बसलाय, मला इथून दिसतोय.’ आवाज हळू, एकसारखा, आणि एका वेळी एकच सूचना. लिंगाण्यावर एकदा माझ्या दोरावरचा एक चांगला चढणारा मुलगा असाच अडकला. पाठीमागे दुसऱ्या गटाची माणसं रांगेत, वरून खाली चार जण चार सल्ले देत होते. त्या सगळ्यांना गप्प करणं हे मला पहिलं काम होतं. शांतता झाल्यावर मी त्याला विचारलं, डाव्या बुटाखाली काय आहे? त्याने बघितलं, म्हणाला खोबण आहे. किती खोल? दोन बोटं. मग पाय आत सरकव. सरकवला. त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

ज्यांना भीती वाटत नाही अशांबद्दल विचारलंस. दोराशिवाय कडे चढणाऱ्या ॲलेक्स होनॉल्डचं नाव सगळे घेतात. 2016 मध्ये त्याच्या मेंदूचा स्कॅन काढला तेव्हा भीतीदायक चित्रं बघतानाही मेंदूतला भीतीशी निगडित भाग शांत होता, हे खरं आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो अमेरिकेतला एल कॅपिटन हा कडा दोराशिवाय चढायला अंधारात निघाला, खालच्या भागातल्या गुळगुळीत उताराच्या कातळावर त्याला ठीक वाटेना, आणि तो मागे फिरला. 3 जून 2017 ला तो 3 तास 56 मिनिटांत वर गेला, तोपर्यंत त्या वाटेच्या अवघड जागा दोर बांधून इतक्या वेळा घोटल्या होत्या की पुढची पकड कुठे आहे हे त्याला पाठ होतं. भीती वाटते असं तो स्वतःही सांगतो. त्याच्याकडून उचलायचंच असेल तर ते नोव्हेंबरातलं मागे फिरणं उचल.

आता जिथे भीती वाटत नाही पण वाटायला हवी, त्या जागा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कड्यांवरून माणसं गमावली जातात ती बहुधा अशाच जागी.

पहिली जागा कातळ. सत्तरीच्या ईशान्य टोकाला, घाटमाथ्याच्या कडेला जो कातळ आहे तो बसाल्ट, महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचाच. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लालसर, मातीसारखा मऊ पट्टा असतो, आणि तिथे पिटॉन (फटीत ठोकायचा खिळा) किंवा चॉक यांचा भरवसा नसतो. शिवाय आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी फटींत शिरतं, झाडांची मुळं दगड उचकटतात, आणि गेल्या वर्षी घट्ट असलेला धोंडा यंदा नुसता टेकलेला असतो. म्हणून पकड घेण्यापूर्वी तळहाताने थाप मार. आवाज पोकळ आला, किंवा थाप मारताना दुसऱ्या हाताखाली कंप जाणवला, तर तो दगड वगळ. वगळता येत नसेल तर त्याला बाहेर ओढू नकोस, खाली दाब. पिटॉन ठोकताना कान उघडे ठेव: चांगल्या फटीत प्रत्येक घावाला आवाज वर चढत जातो, वाईट फटीत तो तसाच बद्द राहतो. हेल्मेट कड्याखाली बसून डबा खातानाही डोक्यावर असू दे. दगड वरून पडतात आणि वर माकडंही असतात.

जांभा हा तर चढायचा दगडच नव्हे. किनाऱ्याच्या कड्यांवर आणि सड्यांच्या कडेला मुलं त्याला हात लावतात, कारण खाचा भरपूर आणि उंची कमी. पण वरून कडक दिसणारा जांभा आत मऊ असतो, त्यात बोल्ट टिकत नाही. समुद्राजवळचा कातळ चांगला असला तरी बोल्टचा प्रश्न राहतोच. खाऱ्या दमट हवेत साधे स्टेनलेस बोल्टही आतून तडकतात आणि बाहेरून चकचकीत दिसतात. म्हणूनच थायलंडच्या किनाऱ्यावर ते काढून टायटॅनियमचे बसवायची वेळ आली. कुणीतरी पूर्वी ठोकलेला गंजका बोल्ट दिसला की मनाला बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्यावर वजन टाकू नकोस.

दुसरी जागा आग्या मोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांवर मला सगळ्यात जास्त काळजी कशाची असेल तर याची. ओव्हरहँगखाली (बाहेर झुकलेल्या कातळाखाली) मोठं, उघडं, एकाच फणीचं पोळं लटकलेलं असतं. पावसाळा संपला की मधमाश्या येतात आणि पुष्कळदा दरवर्षी त्याच जागा धरतात. पोळं दिसलं नाही तरी खुणा दिसतात: कातळावर जुन्या पोळ्यांचे मेणाचे पट्टे, आणि खालच्या पानांवर, दगडांवर पिवळे बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे माश्यांची विष्ठा. ते ताजे दिसले की त्या रेषेत चढायचं नाही, मग ती वाट कितीही सुंदर असो. पोळ्यावर माश्यांची एकामागून एक लाट सरकताना दिसली तर त्यांनी तुझी दखल घेतली आहे. बोलणं बंद, हातवारे बंद, आल्या वाटेने मागे. अत्तर, सुगंधी तेल लावून कड्यावर यायचं नाही, पायथ्याला धूर करायचा नाही. एक माशी चावली तर काटा नखाने खरवडून झटकन काढायचा. चावलेल्या जागेतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो. खरा हल्ला झाला तर जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोरावरचा नाही. म्हणून पोळ्याच्या आसपासच्या कड्यावर जाताना माझ्या स्टेशनवर रॅपलची तयारी आधीच असते. चावल्यावर घसा आवळणं, धाप, अंगभर गांधी, चक्कर यातलं काही दिसलं तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि दवाखाना लागतो. ज्याला मधमाशीची ॲलर्जी असल्याचं ठाऊक आहे त्याने डॉक्टरांकडून हे आधीच समजून घ्यावं.

मोहोळ कुठे आहेत हे वनखात्याच्या नकाशात सापडत नाही, ते डोंगरावरच्या धनगर-गवळ्यांना माहीत असतं. त्यांना विचार. कुठली नाळ पावसानंतर ढासळली, पाणी कुठे उरलंय, अस्वल कुठे फिरतं, हेही तेच सांगतात. गावातला एखादा जाणता सांगेल, आधी राखणदाराला (गावच्या रक्षक देवाला) गाऱ्हाणं घाला. मी घालतो. नारळ ठेवून, हात जोडून, आम्ही अमुक जण अमुक वाटेने जातो आहोत, संध्याकाळी परत येणार, सांभाळून घे, असं मोठ्याने म्हणायचं. श्रद्धा ज्याची त्याची. पण कोण, कुठून, किती वाजता परत हे स्वच्छ शब्दांत गावासमोर बोललं जातं आणि गावाच्या कानावर पडतं, हे फार मोलाचं आहे.

सापाचं थोडक्यात: फुरसं उन्हाला दगडावर येतं आणि कपारीत बसतं. डोक्यावरच्या टप्प्यावर हात टाकण्याआधी आवाज करून, काठीने किंवा दोराच्या टोकाने तो झाडून घे.

तिसरी जागा उतार. माथा गाठला की, किंवा परत फिरायचं ठरलं की, भीती एकदम ओसरते. मोकळं वाटतं, गप्पा सुरू होतात. नेमकी त्याच वेळी गाठ अर्धी राहते. लिन हिल हे नाव तुला माहीत असेल. 1993 मध्ये एल कॅपिटनची नोज ही वाट तिने पहिल्यांदा केवळ हातापायांच्या बळावर, दोर फक्त सुरक्षेसाठी ठेवून पूर्ण केली. त्याआधी 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्सला ती अंग मोकळं करायला एका सोप्या वाटेवर चढली. दोर हार्नेसमध्ये (कमरेच्या पट्ट्यात) ओवला होता, मध्येच कुणाशी बोलणं झालं, गाठ पुरी करायची राहिली. वर जाऊन दोरावर वजन टाकलं आणि ती थेट खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. जगातली अव्वल चढणारी होती आणि जागा भीतीची अजिबात नव्हती. टॉड स्किनर हा नावाजलेला चढणारा 2006 मध्ये अमेरिकेत योसेमिटीत रॅपल करताना गेला, तो हार्नेसचा झिजलेला बिले लूप (पुढचा जोडपट्टा) तुटून. लूप झिजल्याचं लक्षात आलं होतं, नवा हार्नेसही मागवलेला होता.

म्हणून रॅपलपूर्वी, कितीही थकलेली असलीस तरी: दोराच्या दोन्ही टोकांना गाठ, डिसेंडरखाली (उतरायच्या साधनाखाली) प्रूसिक (दोर आवळून थांबवणारी गाठ), कॅरॅबिनरचा (जोडकडीचा) लॉक बोटाने फिरवून बघणं, आणि स्वतःला अँकरला (स्टेशनच्या आधाराला) बांधलेलं असतानाच दोरावर पूर्ण वजन टाकून बघणं. मगच स्वतःचा बांध सोडायचा. जोडीदाराचं तू बघ, तुझं त्याने बघावं, हात लावून. डोळ्यांनी बघितलं म्हणजे तपासलं असं होत नाही. अँकरला दोन बाजूंनी स्लिंग (पट्टे) असतील तर त्यांच्यातला कोन 60 अंशांच्या आत ठेव. 120 अंशांना पोचला की प्रत्येक बाजूवर पूर्ण वजन येतं, म्हणजे वाटून घेण्याचा फायदाच संपतो.

आणि तुझी ती गवताळ नाळ. डिसेंबरातलं वाळलेलं गवत, खाली सुटा मुरूम, बुटाचे तळवे कातळासाठी घेतलेले, दिवसभराचा थकवा, आणि साडेसहाला काळोख. मला तुझ्या सबंध वृत्तांतात त्या एका ओळीने घाबरवलं. अशा उतारावर दोर लावायला वेळ जातो म्हणून माणसं लावत नाहीत. तो वेळ सकाळीच बाजूला काढून ठेवायचा असतो. दुपारी दोनला, जिथे असू तिथून, परत फिरायचं असं पायथ्याला ठरवायचं. कड्यावर असताना ठरवू म्हटलं की माथा जवळच दिसतो आणि घड्याळ कुणी बघत नाही. ऑक्टोबरात आणि एप्रिलनंतर तर दुपारी ढग भरून येतात आणि वीज पडते. तेव्हा दोन वाजताही उशीर असतो.

आता पुन्हा जायची तयारी. जानेवारीत आधी बदामीला जा आणि पडण्याचा सराव कर. बोल्ट भक्कम असलेली, थोडी बाहेर झुकलेली वाट निवड, कारण झुकलेल्या कातळावर पडताना काही आदळत नाही. बिले देणारा (खालून दोर सांभाळणारा) जाणता हवा. आधी बोल्ट कमरेजवळ असताना सुट, मग गुडघ्याजवळ असताना, मग पायाखाली गेल्यावर. सुटण्याआधी श्वास सोड. एका दिवसात सगळं उरकू नकोस. शरीराला दोर झेलतो हे कळायला पुनरावृत्ती लागते, समजावून ते कळत नाही. उत्तरकाशीला तेखल्याच्या कातळावर तू बहुतांश वरून दोर असताना चढलीस, त्यामुळे स्वतः पुढे चढून पडण्याचा अनुभव तुझ्या अंगात अजून नाही. थिजण्याचं मोठं कारण ते आहे.

मग आपल्या कड्यावर. तो म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी काढ. 1972च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ती लागतेच, आणि तू कुठे आहेस हे त्यांना माहीत असलं तर शोधायला येणारी माणसंही बरोबर जागी येतील. दोघांऐवजी चौघं जा. दोघांत एक जखमी झाला तर दुसऱ्याला त्याला सोडून मदत आणायला जावं लागतं. चौघांत एक जण जखमीजवळ बसतो आणि एक जण मदत आणायला खाली जातो. चौथा नवखा असला तरी चालेल, त्याला पायथ्याला रेंज मिळते त्या जागी बसव. पहिल्या दिवशी चढूच नका. पायथ्याने पूर्ण फिरा, दुर्बिणीने मोहोळ बघा, ती नाळ उजेडात खालून वर चढून बघा आणि दोर कुठे बांधता येईल त्या जागा हेरून ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पिचला सहाव्या मीटरपर्यंत निदान दोन रनर लाव. आडव्या चढाईत तू पुढे जाशील तेव्हा लक्षात ठेव, मागून येणाऱ्यालाही पडल्यावर झोका बसतो, म्हणून अवघड जागा ओलांडल्यावरही एक रनर त्याच्यासाठी लाव. त्या जागी पुन्हा पाय लटलटले तर टाच खाली, श्वास बाहेर, तीन प्रश्न. उत्तरं चांगली आली आणि तरीही पुढे जावंसं वाटलं नाही, तर परत ये. कुणाला कारण सांगायची गरज नाही, जोडीदारालाही नाही. आणि हे त्याच्याशी घरून निघण्याआधीच बोलून घे, कड्यावर त्यावर वाद नको.

घरी काय सांगू, असंही तू शेवटी विचारलंस. सगळं सांग. कागदावर कड्याची जागा, गाडी कुठे लावणार ती जागा, बरोबरच्या सगळ्यांचे नंबर, वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाचा नंबर आणि एक वेळ लिहून ठेव: रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर 112 लावायचा. ती वेळ अशी निवड की साध्या उशिराने घरच्यांचा जीव टांगणीला लागणार नाही. आणि रस्त्यावर येऊन रेंज मिळाली की बूट काढण्याआधी फोन कर.